सुरी रुतत नाही, धार लावू का?

प्रश्न: मी लातूरला आयटीआयमध्ये फिटरला आहे. ट्रकच्या कमानपाट्याच्या तुकड्यातून फेकायची सुरी केली. लांबी 22 सेंमी, मुठीला सागाची फळी रिव्हेट मारून बसवली. आठ-दहा पावलांवरून शेतातल्या बाभळीवर फेकतो. दहातल्या दोन रुततात, बाकी मुठीकडून आदळतात. मूठही तडकली. धार आणखी लावू का?
— एक वाचक, औसा

उत्तर: धार लावायची नाहीच, आहे ती कानशीनं मोडून टाक. लाकडात शिरतं ते टोक. धार लागते फेकणाऱ्याच्या बोटांना, कारण अर्धा फेर, म्हणजे हवेत अर्धी गिरकी, घ्यायचा तर सुरी पात्याला धरूनच फेकतात.

पुढची सुरी एकाच पट्टीतून काप, वर लाकूड नको. 30 सेंमी लांब, अडीच सेंमी रुंद, 5 मिमी जाड. वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरेल. लांब सुरी सावकाश फिरते, अंदाज येतो. बोटावर आडवी ठेवून बघ. मधोमध तोलली तर कुठूनही धर. पातं जड असेल तर मुठीला, मूठ जड असेल तर पात्याला. जड बाजू पुढं गेली पाहिजे.

आठ-दहा पावलं फार झाली, गड्या. मुठीला धरून एक पूर्ण फेर म्हणजे 3 ते 4 मीटर, पात्याला धरून अर्धा फेर साधारण 2 मीटर. टोक वर राहून आदळली तर फेर अपुरा पडला, अर्धं पाऊल मागं सर. टोक खाली गेलं तर पुढं ये. मनगट झटकू नकोस. न फिरवता फेकणारे तर्जनी सुरीच्या पाठीवर ठेवतात. सुटताना बोट घासत जातं आणि फिरणं अडतं. त्यांची मूठ म्हणून गुळगुळीत असते. ते नंतर शीक.

आता पाणी, म्हणजे पोलाद लाल तापवून विझवायचं आणि कडक करायचं. माझी पहिली सुरी तिसऱ्या फेकीत काचेसारखी तुटली, कारण पाणी दिलं पण उतरवलं नव्हतं, म्हणजे पुन्हा मंद तापवून ठिसूळपणा घालवला नव्हता. परभणीला आमच्या भात्यापुढं वडिलांनी मग मला बसवून दाखवलं: तेलात विझवायची, घासून पांढरी करायची, मंद आचेवर धरायची. आधी गवती पिवळा रंग चढतो, मग तांबूस, जांभळा, शेवटी निळा. निळ्याला थांबायचं. टोक वाकलं तर ठोकून सरळ होतं, तुटलेलं जोडता येत नाही.

आणि बाभळीला सोड. ते लाकूड टणक, सुरी उसळून अंगावर येते. आंब्याच्या ओंडक्याची आडवी चकती काप, वलयं तुझ्याकडं करून टेकव, आदल्या रात्री पाणी मार.