वनौषधी : कोणती, कशासाठी आणि किती दिवस?

वनौषधींविषयी येणाऱ्या बहुतेक पत्रांत आजाराचे निदान नसते. वनस्पती मात्र आधीच ठरलेली असते आणि ती कोणीतरी सुचवलेली, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली किंवा जाहिरातीत पाहिलेली असते. तेच गैरसमज पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे काही प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत. रुग्णाला न पाहता कोणाचीही मात्रा ठरवता येत नाही, त्यामुळे ती या उत्तरांत मिळणार नाही.

प्रश्न : त्रिफळा चूर्ण रात्री घ्यावे की सकाळी?

पोट साफ होण्यासाठी घ्यायचे असेल तर रात्री झोपताना, कोमट पाण्याबरोबर. गर्भवतींनी आणि वारंवार जुलाब होणाऱ्यांनी ते घेऊ नये. दोन-तीन आठवड्यांनंतरही त्याच्याशिवाय शौचास होत नसेल, तर दुसरे चूर्ण शोधण्याऐवजी वैद्यांना भेटावे.

प्रश्न : कोरोनाच्या साथीपासून आमच्या घरी सगळेच रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेतात. वेल गच्चीतच लावली आहे. पत्नीला थायरॉईडचा त्रास आहे आणि काही दिवसांपासून तिला भूक लागत नाही, थकवा वाटतो. गुळवेलीने यकृत बिघडते असे एका नातेवाइकांनी सांगितले. हे खरे आहे का? काढ्याचे प्रमाण कमी करावे का?

पत्नीचा काढा आजच बंद करा आणि उद्या सकाळी त्यांच्या रक्तातील एसजीपीटी, एसजीओटी आणि बिलिरुबिन (यकृताची स्थिती सांगणारे घटक) तपासून घ्या. लघवी गडद पिवळी होत असेल, डोळ्यांत पिवळेपणा दिसत असेल किंवा अंगाला खाज सुटत असेल, तर उद्याचीही वाट पाहू नका. भूक जाणे आणि थकवा ही लक्षणे थायरॉईडचीही असू शकतात. म्हणूनच अंदाज बांधत बसण्यापेक्षा तपासणी आधी करावी.

आता मूळ मुद्दा. काढ्याचे प्रमाण तुम्ही विचारले आहे, पण तो कशासाठी आणि किती दिवस घ्यायचा हे विचारलेले नाही. ग्रंथांत गुळवेल जीर्णज्वर (जुना ताप), वातरक्त (सांधे सुजून दुखण्याचा एक आजार), प्रमेह (मधुमेहासारखे विकार), कामला (कावीळ) अशा आजारांत सांगितली आहे, म्हणजे आजार, रुग्णाची प्रकृती आणि काळ पाहून द्यायचे ते औषध आहे. चरकसंहितेत गुळवेल रसायन, म्हणजे शरीराला बळ देणारे औषध, म्हणूनही येते, याची आठवण मला पत्रांतून वारंवार करून दिली जाते. ती येते हे खरेच आहे. परंतु रसायनप्रयोगाआधी शरीराचे शोधन, म्हणजे शुद्धी, करावे, हेही त्याच संहितेत आहे, आणि हा भाग मला कोणीही लिहून पाठवत नाही. सासऱ्यांपासून नातवापर्यंत सगळ्यांना एकाच पातेल्यातला काढा वर्षानुवर्षे द्यावा, असे आयुर्वेदाने कोठेही सांगितलेले नाही. साथीच्या काळात भीतीपोटी सुरू झालेले हे औषध भीती ओसरल्यावर थांबायला हवे होते, पण ते कधी थांबवायचे हे सुरू करताना कोणीच सांगितले नव्हते.

नातेवाइकांचे म्हणणे निराधार नाही, परंतु अर्धे आहे. 2021 साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी देशातील अनेक रुग्णालयांनी मिळून अशा 43 रुग्णांची नोंद मांडली. यकृताच्या तपासणीत अनेकांमध्ये स्वप्रतिकारक आजारासारखे चित्र दिसले, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटलेली होती. गुळवेल सुरक्षित आहे आणि दुसऱ्या जातीच्या वेलीशी गल्लत झाली असावी, अशी भूमिका आयुष मंत्रालयाने घेतली. हा वाद शास्त्रज्ञांनी सोडवावा. रुग्णाच्या दृष्टीने मात्र दोन्ही बाजूंमधून निघणारा सल्ला एकच आहे : वेलीची ओळख पटवल्याशिवाय आणि वैद्यांच्या देखरेखीशिवाय ती घेऊ नये.

ओळखीचा प्रश्नही किरकोळ नाही. औषधी गुळवेलीचे पान हृदयाच्या आकाराचे आणि दोन्ही बाजूंनी गुळगुळीत असते, खोडावरची कागदासारखी पातळ साल सोलली की आत हिरवा रंग दिसतो, आणि खोड आडवे कापले तर मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा दिसतात. हिच्याच कुळातील एका वेलीच्या पानांना खालून दाट लव असते. दुसरीच्या खोडावर चामखिळींसारखे उंचवटे असतात आणि ती चवीला अतिशय कडू असते. तरीही पाने पाहून स्वतःच निर्णय घ्या, असे मी सुचवत नाही. फांदी घेऊन जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयाच्या द्रव्यगुण (औषधी वनस्पतींच्या) विभागात जा. रोपवाटिकेने लावलेली नावाची पाटी हा ओळखीचा पुरावा नव्हे.

ज्यांना स्वप्रतिकारक आजार आहे, मग तो संधिवाताचा असो, त्वचेचा असो वा थायरॉईडचा (थायरॉईड मंदावलेल्यांपैकी पुष्कळांचे मूळ कारण हेच असते), त्यांनी 'प्रतिकारशक्ती वाढवणारे' म्हणून विकले जाणारे काहीही स्वतःच्या मनाने घेऊ नये. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांची साखर गुळवेलीने आणखी खाली जाऊ शकते. तेव्हा घरातील इतरांनीही काढा थांबवावा. पुढे एखाद्या वैद्यांनी गुळवेल दिलीच, तर ती कोणत्या आजारासाठी आहे आणि कधी थांबवायची हे चिठ्ठीवर लिहून घ्यावे. पत्नीच्या तपासणीत दोष निघाल्यास आयुर्वेदिक औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या केंद्राला ते अवश्य कळवावे. 2018 पासून केंद्र सरकारने ही यंत्रणा उभी केली आहे आणि अनेक आयुर्वेद महाविद्यालयांत तिची केंद्रे आहेत.

प्रश्न : गुडघेदुखीवर ओळखीच्या एका गृहस्थांकडून पुड्या आणतो. शंभर टक्के आयुर्वेदिक आहेत, असे ते सांगतात. दोन दिवसांतच दुखणे थांबले. आता वर्ष झाले. वजन वाढले आहे, चेहरा सुजल्यासारखा दिसतो आणि साखरही वाढली आहे. पुड्या बंद कराव्यात का?

एकाएकी बंद करू नका. पुडी घेऊन आजच फिजिशियनकडे जा.

वर्षानुवर्षे दुखणारा गुडघा दोन दिवसांत शांत करील अशी वनौषधी मला माहीत नाही. अशा पुड्यांत प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोनसारखे स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे. तुम्ही लिहिलेली लक्षणे स्टिरॉइड दीर्घकाळ घेतल्यावर दिसणाऱ्या लक्षणांशी जुळतात. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिले की शरीरातील अधिवृक्क (मूत्रपिंडांवरच्या) ग्रंथी ते तयार करणे कमी करतात; अशा वेळी पुडी अचानक थांबली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. डोस हळूहळू कमी करण्याचे वेळापत्रक डॉक्टरांनीच ठरवले पाहिजे.

ही फसवणूक ओळखणे अवघड नाही. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांनुसार आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्ये, उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख असावी लागते. कागदाच्या घडीतल्या पुडीवर यातले काहीच नसते. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करणे तर 1954 च्या कायद्यानेच निषिद्ध आहे. हा कायदा आक्षेपार्ह जाहिरातींसाठीच केलेला आहे आणि त्याच्या अनुसूचीत 54 आजार व अवस्था आहेत. तरीही 'साखर मुळापासून घालवा' असे फलक उघडपणे लागतात आणि ते वाचून माणसे इन्सुलिन सोडतात, याचा मला मनापासून संताप येतो. वेष्टन नसलेले औषध देणाऱ्याचा हेतू चांगला असला, तरी ते औषध घेऊ नये.

प्रश्न : वय 47. मासिक पाळीत फार रक्तस्राव होतो. अशोकाची साल उकळून घ्यावी असे वाचले. सोसायटीच्या कुंपणालगत अशोकाची उंच झाडे आहेत, त्यांची साल चालेल का?

नाही. कुंपणालगत सरळसोट वाढणारे, नागमोडी कडांच्या लांब पानांचे ते झाड आसुपालव, म्हणजेच खोटा अशोक आहे. औषधात वापरतात तो सीतेचा अशोक. त्याला केशरी-तांबड्या फुलांचे गुच्छ येतात आणि त्याचा विस्तार पसरट असतो. बाजारातही खऱ्या सालीत खोट्याची भेसळ जुनीच आहे.

झाडापेक्षा मला काळजी वाटते ती तुमच्या वयाची आणि लक्षणाची. पाळी जाण्याच्या सुमारास वाढलेला रक्तस्राव संप्रेरकांमुळे असू शकतो, गाठींमुळे असू शकतो आणि क्वचित गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगामुळेही असू शकतो. सालीच्या काढ्याने तो तात्पुरता कमी झाला, तर निदान तेवढेच लांबते. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या, हिमोग्लोबिन पाहा. मग वैद्यांशी अशोकाविषयी बोलता येईल.

प्रश्न : अ‍ॅसिडिटीसाठी ज्येष्ठमधाचे चूर्ण रोज घेतो. रक्तदाबाची गोळी सुरू आहे, पण अलीकडे रक्तदाब आटोक्यात राहत नाही. दोन्हींचा संबंध असेल का?

असू शकतो. ज्येष्ठमधातील ग्लिसरायझिन या घटकामुळे शरीरात सोडियम व पाणी साठते, पोटॅशियम कमी होते आणि रक्तदाब वाढतो. लघवी वाढवणारी गोळी सुरू असेल तर पोटॅशियम आणखी खाली जाऊन हृदयाची लय बिघडू शकते. चूर्ण थांबवा, पोटॅशियम तपासा आणि गोळी देणाऱ्या डॉक्टरांना चूर्णाविषयी सांगा. नाहीतर रक्तदाब वाढलेला पाहून ते गोळीचा डोस वाढवतील. रोज औषध लागणाऱ्या अ‍ॅसिडिटीचे कारणही शोधले पाहिजे. वजन घटत असेल, घास अडकत असेल किंवा शौचास काळे होत असेल, तर एंडोस्कोपी लांबवू नका.

प्रश्न : बाळ दोन महिन्यांचे आहे. सासूबाई बाळगुटी द्या म्हणतात, डॉक्टर नको म्हणतात. कोणाचे ऐकावे?

डॉक्टरांचे. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही लागत नाही.

सासूबाईंचा हेतू मायेचाच आहे, हे त्यांच्याशी बोलताना विसरू नका. पण गुटीची मात्रा सहाणेवरच्या वेढ्यांत मोजली जाते. सहाण किती खरखरीत, हात किती जड, यावर एका वेढ्यात किती औषध उतरते ते बदलते. हळकुंडाच्या बाबतीत हा फरक चालून जाईल, जायफळ आणि वेखंडाच्या बाबतीत चालणार नाही. जायफळ जास्त झाले की बाळ सुस्त पडते आणि घरच्यांना ते शांत झोपले असे वाटते. वेखंडातील बीटा-असारोन हा घटक प्राण्यांवरील प्रयोगांत कर्करोगकारक ठरला आहे. शिवाय सहाण आणि मुळ्या नीट धुऊन वाळवल्या नाहीत, तर जंतुसंसर्गाची भीती वेगळीच. काश्यपसंहितेतील लेहाध्यायातही कोणत्या बाळाला चाटण द्यावे आणि कोणत्या बाळाला देऊ नये, हे स्वतंत्रपणे सांगितले आहे. सरसकट सगळ्यांना द्यावे असे तेथेही नाही. बाळ रडते, त्याचे पोट फुगते अशा तक्रारी असतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : झोप लागत नाही म्हणून अश्वगंधा सुरू करू का? थायरॉईड वाढलेला आहे.

करू नका. अश्वगंधेने थायरॉईडची संप्रेरके आणखी वाढू शकतात, आणि झोप न लागण्याचे कारण वाढलेला थायरॉईड हेच असू शकते. तुमच्या डॉक्टरांना भेटा. इतरांसाठी एवढेच सांगतो, की गर्भवतींनी आणि झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ती स्वतःहून घेऊ नये. औषधात मूळ वापरतात. पाने वापरू नयेत, अशी सूचना आयुष मंत्रालयाने 2021 मध्ये उत्पादकांना दिलेली आहे, म्हणून वेष्टनावर 'मूळ' लिहिले आहे का ते पाहावे.

प्रश्न : घरी केलेले चूर्ण किती दिवस टिकते?

शार्ङ्गधरसंहितेने दोन महिने सांगितले आहेत, तेवढेच धरावे. गाठी झाल्या किंवा वास बदलला, तर त्याआधीच टाकून द्यावे.

प्रश्न : पुढच्या महिन्यात पित्ताशयाची शस्त्रक्रिया आहे. मी गुग्गुळ, लसणाच्या आणि हळदीच्या कॅप्सूल घेतो. 'हे काही औषध नव्हे' म्हणून सर्जनना सांगितले नाही. सांगायला हवे का?

हवे, आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी नव्हे तर आत्ताच. या तिन्हींमुळे रक्त गोठण्यास वेळ लागू शकतो. स्वयंपाकातील हळद-लसणाविषयी मी बोलत नाही. कॅप्सूलमध्ये त्यांचा अर्क कितीतरी पटींनी घट्ट असतो, आणि हळदीच्या काही कॅप्सूलमध्ये शोषण वाढावे म्हणून मिरीतील पाइपरिनही घातलेले असते, ज्यामुळे इतर औषधांचे रक्तातील प्रमाणही बदलू शकते. अशी औषधे सामान्यतः शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी थांबवतात. तुमच्या बाबतीत केव्हा थांबवायची ते सर्जन आणि भूलतज्ज्ञ ठरवतील. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ही माहिती आणखी महत्त्वाची आहे. सगळ्या बाटल्या वेष्टनासह पिशवीत घालून त्यांच्यापुढे ठेवा आणि शस्त्रक्रियेनंतर कोणते औषध केव्हा सुरू करायचे, तेही त्याच भेटीत विचारून घ्या.