‘परत म्हण’ म्हणजे चुकलं असं नाही

न्यू जर्सीहून एका आईने विचारलंय. माहेर आपल्या जुळे सोलापूरचं, मुलगी दहा वर्षांची, तीन वर्षं ऑनलाइन गाणं शिकतेय, आणि सप्टेंबरमध्ये तिकडच्या मुलांच्या म्युझिकलसाठी पहिल्यांदाच ऑडिशन द्यायचीय. विचारते, ‘आम्हाला यातलं काहीच कळत नाही, तयारी काय करून घेऊ?’

अगं, काहीच कळत नाही असं कसं, नाटकात गाणं हे तर आपल्याकडे 1880 पासून, किर्लोस्करांपासून चालत आलेलं आहे, गाता गाता गोष्ट पुढे न्यायची हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. वेगळी आहे ती तिकडची पद्धत, तेवढी समजून घे.

पहिली गोष्ट पट्टीची. आपल्याकडे मूल गायला उभं राहिलं की पेटीवाले काका विचारतात ‘पट्टी कुठली?’ आणि काळी दोन म्हटलं की त्यांची बोटं तिथे जातात. तिकडे पियानोवाला समोरच्या कागदावर जे छापलंय ते वाजवतो, त्याच पट्टीत, आणि लेकरू वरच्या सुराला अडकलं तरी तो आयत्या वेळी खाली आणेलच असं नाही. म्हणून आधी घरी बघ तिचा आवाज कुठे मोकळा लागतो, तिच्या गाण्याच्या ताईंना विचार, आणि त्या पट्टीतलं शीट म्युझिक घे (पांढरी एक म्हणजे सी, काळी दोन म्हणजे डी शार्प, कागदावर बहुतेक ई फ्लॅट लिहिलेलं असेल). बऱ्याच गाण्यांचं शीट ऑनलाइन पट्टी बदलून मिळतं. पानं एका बाजूला छापलेली, रिंग बाइंडरमध्ये लावलेली, कुठून सुरू कुठे बंद ते पेनाने ठळक केलेलं. काही ठिकाणी पियानो नसतो, नुसता म्युझिक ट्रॅक मागतात, मग फोन एअरप्लेन मोडवर टाकून दे, नाहीतर गाण्याच्या मधेच आजीचा फोन यायचा.

दुसरं, ‘सोळा बार’ म्हणतात ते, म्हणजे गाण्याचा तेवढाच तुकडा म्हणायचा. बार म्हणजे मात्रांचा एक छोटा गट. चार-चार मात्रांचे बार असलेलं गाणं असेल तर सोळा बार म्हणजे चौसष्ट मात्रा, तीनतालाची चार आवर्तनं, बस. मिनिटाला 120 च्या लयीत ते बत्तीस सेकंदांत संपतं. आपली मुलं आलाप घेऊन हळूहळू रंगवत जायला शिकलेली, तिथे तेवढा वेळच नाही, त्यामुळे गाण्याचा जो भाग धडधडत मनात जातो तोच निवड, सुरुवातीपासून म्हणायचा हट्ट नको. आणि मुरक्या, हरकती कमी कर. मला स्वतःला त्या फार आवडतात पण तिथे शब्द कळायला हवा, कोण बोलतंय, कुणाला बोलतंय, त्याला काय हवंय. मुलीला गाणं आधी नुसतं वाचायला लाव, भांडल्यासारखं, समजूत काढल्यासारखं, मग सूर लाव.

आणि आता मला खरं सांगायचंय ते.

मी इथे बरीच वर्षं मुलांची नाटकं बसवलीत, राज्य बालनाट्य स्पर्धेसाठी. एका वर्षी अकरा वर्षांचा एक मुलगा आला, वडील टॉवेलच्या कारखान्यात, घरी तेलुगू बोलायचे, पण मराठी शब्द असे स्वच्छ की ऐकत राहावं. त्याने उतारा म्हटला, सुंदर म्हटला. मी म्हटलं, ‘छान, आता हेच परत म्हण, पण कुजबुजत, शेजारच्या खोलीत कुणीतरी झोपलंय असं समज.’ त्याने माझ्याकडे बघितलंच नाही, दारातल्या आईकडे बघितलं. आईने ओठांनी ‘नीट म्हण’ अशी खूण केली, आणि पोराचे कान लाल झाले, त्याला वाटलं आपलं चुकलं, मग तेच सगळं पहिल्यासारखंच म्हणाला, फक्त आवाज कापत होता. मला तो मुलगा हवा होता म्हणून तर मी परत म्हणायला लावलं होतं! हे त्याला नंतर समजावलं, नाटकात घेतलं, पण त्याचा तो चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे. त्या दिवसापासून पालक बाहेर.

तिकडेही टेबलामागे बसलेली माणसं हेच करतात, ‘आता रागाने म्हण’, ‘आता हसू दाबत म्हण’. त्यांना बघायचं असतं की हे मूल ऐकतं का, बदलतं का, कारण पुढचे कित्येक आठवडे त्याच्याबरोबर तालीम करायचीय. आपल्या घरात मात्र ‘परत’ हा शब्द फक्त चूक झाली की येतो, पाढे चुकले परत म्हण, श्लोक चुकला परत म्हण. म्हणून आजपासून घरात उलटं कर. छान म्हटलं की ‘वा, आता हेच पावसात भिजल्यासारखं म्हण की’, रोज पाच मिनिटं, बाबांनी पण म्हणायचं, चुकीचं बरोबर काही नाही. याच्याइतकी तयारी दुसऱ्या कशाने होत नाही.

बाकी बारीकसारीक. आपलं नाव तिने स्वतः सावकाश, पूर्ण सांगायचं, समोरच्याला जमेल तसं तोडून नाही. गाताना नजर परीक्षकांच्या डोक्याच्या जरा वर. कपडे अंगावर हलके, पायात न घसरणारे बूट, नाचाच्या स्टेप पण करायला लावतात. त्या सकाळी शेंगाची चटणी आणि कडक भाकरी नको, कोरडा कण घशात अडकला की खोकला थांबत नाही, मऊ भात दे. आणि फॉर्मवर तारखा मागतात कधी येणार नाही त्याच्या, तिथे दिवाळी आणि डिसेंबरचं भारतात येणं आधीच लिहून टाक. रोल मिळाल्यावर टेक वीकमध्ये (प्रयोगाआधीच्या, दिवे-आवाजासकट तालमींच्या आठवड्यात) तिकीट काढलंय असं सांगणं बाकीच्या तीस मुलांवर अन्याय आहे.

निवडीच्या यादीत तिचं नाव एन्सेम्बलमध्ये, म्हणजे समूहात, आलं तर ‘नुसत्या घोळक्यात?’ असं तोंडातून काढू नकोस, आजीलाही आधी फोन करून सांगून ठेव. घोळक्यातलं मूल सगळी गाणी गातं, सगळ्या एन्ट्र्या शिकतं.

रविवारी फोन लाव, इथले संध्याकाळचे साडेसहा म्हणजे तुमचे सकाळचे नऊ. म्युझिक ट्रॅक तुमच्याच बाजूला लाव, इथून ठेका धरला तर आवाज उशिरा पोचतो आणि पोर गोंधळतं. मी माईक बंद करून ऐकेन. आणि तू त्या वेळी स्वयंपाकघरात जा.