प्रवासी पडला बोटीत, भांडण लागलं पॉलिसीत

या महिन्यात विम्याबद्दल आलेली पत्रं जवळजवळ सगळी पाण्यावरचीच. पाऊस लागला, बोटी वर काढल्या की आमच्या बोटवाल्यांना कागद बघायला वेळ मिळतो, त्यातलाच प्रकार असावा. पहिलं पत्र मोठं आहे, उत्तरही मोठं झालंय, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न : काका, नमस्कार. माझी फायबरची बोट आहे, दोन आउटबोर्ड इंजिनं, डॉल्फिन दाखवायला नेतो आणि ग्रुप असेल तर अख्खी बोट चार्टरवर देतो. फेब्रुवारीत बेळगावचा एक ग्रुप आला, बारा मोठी माणसं आणि दोन लहान मुलं. आग्वादच्या तोंडाशी लाट आली, बोट उचलली गेली आणि धाडकन खाली आपटली, पुढच्या बाकावर बसलेल्या एका वहिनींचा कमरेचा मणका फ्रॅक्चर झाला. ऑपरेशन करावं लागलं. मी माणुसकी म्हणून हॉस्पिटलात चाळीस हजार दिले आणि त्यांच्या भावाने लिहिलेल्या कागदावर सही केली. नंतर वकिलाची नोटीस आली अठरा लाखांची. मी ती विमा कंपनीला दिली तर त्यांचं पत्र आलं, क्लेम नामंजूर, कारणं तीन : प्रवासी जास्त होते, बोट ठरलेल्या हद्दीबाहेर होती, कळवायला तेवीस दिवस उशीर झाला. आठ वर्षं न चुकता प्रीमियम भरतोय हो, मग विमा घ्यायचा तरी कशाला? आता काय करू? – एक बोटमालक, नेरूल (गोवा)

उत्तर : भाऊ, तुम्ही व्हॉट्सअॅपवर पॉलिसीच्या पहिल्या दोन पानांचे फोटो पाठवलेत ते बरं केलंत, कारण अर्धे लोक पॉलिसी म्हणून प्रीमियमची पावतीच पाठवतात. पहिल्या पानावर हल आणि मशिनरीची रक्कम आहे, म्हणजे बोट आणि इंजिनं. त्याच्या खाली बारीक अक्षरात ‘पॅसेंजर लायबिलिटी, प्रवासी १२’ अशी ओळ आहे. या एका ओळीमुळे तुमचं भांडण निदान भांडता येतंय. ही ओळ नसती तर मी इथेच हात जोडले असते. हल पॉलिसी बोटीची असते, बोटीत बसलेल्या माणसांची नसते. तिच्यात टक्कर झाल्यावर समोरच्या बोटीच्या नुकसानीचा भाग असतो पण माणसांना झालेली इजा त्यातून मुद्दाम वगळलेली असते. पुष्कळ मालकांना वाटतं गाडीच्या थर्ड पार्टीसारखं हे सगळं आपोआप आत येतं. नाही येत, वेगळं मागून, वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं.

आता तीन कारणं. मी उलट्या क्रमाने घेतो कारण शेवटचं सगळ्यात लंगडं आहे. तेवीस दिवस उशीर. विमा नियामकाचं, म्हणजे आयआरडीएआयचं, २० सप्टेंबर २०११ चं सर्क्युलर आहे की नुसता उशीर झाला म्हणून खरा क्लेम आंधळेपणाने नाकारू नका, उशिराचं कारण बघा. पुढे २०१७ मध्ये एका ट्रकचोरीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानंही तेच म्हटलं. तुमचं कारण काय? तुम्हाला वाटलं चाळीस हजारात मिटलं. फार चांगलं कारण नाही, पण खरं आहे, आणि त्या दिवसांत कंपनीचा असा कुठला पुरावा बुडाला ते त्यांना सांगावं लागेल.

दुसरं, हद्द. इथे मात्र जपून. तुमच्या पॉलिसीत ‘वॉरंटेड’ असा शब्द आहे आणि पुढे मांडवी नदी, आग्वाद बारच्या आत असं लिहिलंय (बार म्हणजे नदीच्या तोंडाशी असलेला वाळूचा पट्टा). बोलताना वॉरंटी म्हणजे फ्रीजची गॅरंटी, पण मरीन इन्शुरन्समध्ये वॉरंटी म्हणजे तुम्ही दिलेला शब्द. १९६३ च्या मरीन इन्शुरन्स अॅक्टचं कलम ३५ सांगतं की हा शब्द तंतोतंत पाळायचा, तो धोक्याच्या दृष्टीने महत्त्वाचा असो वा नसो, आणि मोडला तर मोडल्या तारखेपासून कंपनी मोकळी. कलम ३६ तर म्हणतं, अपघाताच्या आधी तुम्ही चूक दुरुस्त केली होती हेही कारण चालणार नाही. म्हणजे दहाच मिनिटं बारच्या बाहेर जाऊन आत आलात आणि मग आत येऊन लाट लागली तरी कंपनी हात वर करू शकते. आपला कायदा इंग्लंडच्या १९०६ च्या कायद्यावरून घेतलेला, त्यांनी २०१५ चा नवीन कायदा करून हे बरंच सैल केलं, आपण अजून तिथेच आहोत. माझ्या मते हे अन्यायाचं आहे पण कायदा आहे तो आहे.

तेव्हा खरा प्रश्न एवढाच की लाट लागली तेव्हा बोट नक्की कुठे होती. तुम्ही पत्रात ‘आग्वादच्या तोंडाशी’ लिहिलंय, आणि तोंडाशी हा शब्द आतलाही आहे आणि बाहेरचाही. सर्वेअरच्या, म्हणजे कंपनीने नुकसान तपासायला नेमलेल्या माणसाच्या, रिपोर्टची कॉपी लेखी अर्ज करून मागा, त्यात त्याने जागा कशावरून ठरवली ते बघा, नुसतं तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, विचारून लिहिलं असेल तर तो पाया कच्चा आहे. फिशफाइंडरमध्ये जीपीएसचा ट्रॅक असेल तर तो आजच्या आज उतरवून घ्या. आणि ग्रुपमधल्या कुणाच्या तरी मोबाइलवर डॉल्फिनचा व्हिडिओ असणारच, त्यात वेळ आणि लोकेशन असतं. तुम्ही म्हणाल ते लोक आमच्याविरुद्ध आहेत ते कशाला देतील? अहो, तुमची पॉलिसी लागू व्हावी ही त्या वहिनींचीही गरज आहे. तुमच्या खिशातून अठरा लाख वसूल करण्यापेक्षा विमा कंपनीकडून मिळवणं त्यांना सोपं. या एका मुद्द्यावर तुम्ही दोघं एकाच बाजूला आहात, वकिलामार्फत नीट बोलून घ्या. व्हिडिओत बोट बाहेर दिसली तर ती बाहेर होती, तांडेलाला काही शिकवायला जाऊ नका. मग एकच वाट उरते, पॉलिसीला जोडलेले क्लॉज बघा. काही पॉलिसींना इन्स्टिट्यूट टाइम क्लॉजेस (बोटीच्या विम्याच्या छापील ठरावीक अटी) लावलेले असतात, १९८३ चे, त्यात हद्दीची वॉरंटी मोडली तरी समजताच कळवलं आणि जादा प्रीमियम कबूल केला तर कव्हर चालू राहतं अशी सोय आहे. मात्र तिथे पुन्हा ते ‘समजताच’ आणि तुमचे तेवीस दिवस समोरासमोर येतील.

आणि क्लॉजेसची पानं तुम्हाला कधी दिलीच नसतील तर तेही लिहा. हातात न दिलेल्या अटीवर कंपनीला बसता येत नाही असं सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये एका चोरीच्या क्लेममध्ये म्हटलंय. पण हद्दीची ओळ पहिल्या पानावर आहे, ती तुम्हाला माहीत नव्हती असं म्हणू नका, कुणी ऐकणार नाही.

राहिली माणसं. बारा आणि दोन मुलं. मुलं मोजायची की नाही यावर पानं भरू नका, बोटीच्या सर्वे सर्टिफिकेटवर वेगळं लिहिलं नसेल तर मूल हे माणूसच. डिसेंबर २०२४ आठवा, १८ तारखेला मुंबईत एलिफंटाची फेरी बुडाली आणि पुढच्याच आठवड्यात नाताळच्या दिवशी कळंगुटला पर्यटकांची बोट उलटून एकाचा जीव गेला, दोन्ही वेळा पहिल्यांदा विचारलं गेलं ते आत किती होते. मुंबईच्या त्या फेरीला परवानगी ८४ प्रवाशांची, आत शंभरावर. त्यामुळे चौदा म्हणजे काय मोठं असं कुणाला पटवायला जाऊ नका. मुद्दा वेगळा मांडा. पॉलिसीत ‘प्रवासी १२’ ही प्रीमियम मोजायला लिहिलेली संख्या आहे, तिच्या पुढे वॉरंटेड शब्द नाही. मग बारा जणांपर्यंत कंपनीची जबाबदारी, तेराव्याची नाही, असा अर्थ निघतो, आणि जखमी एकच आहे. बसच्या एका प्रकरणात २००७ मध्ये सुप्रीम कोर्टानं असाच हिशोब लावला होता, जितक्यांचा विमा तितक्यांपुरती कंपनी. तो मोटारचा कायदा, बोटीला जसाच्या तसा लागेल असं नाही, पण ग्राहक आयोगापुढे मांडायला उपयोगी. शिवाय बोट आपटली ती लाटेवर, दोन मुलांच्या वजनाने नव्हे. मात्र कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या (गोव्याच्या बंदर खात्याच्या) सर्वे सर्टिफिकेटवर आकडा बाराच असेल तर कंपनी म्हणेल की बोट कायद्याप्रमाणे चालवली नाही, त्याच मरीन अॅक्टचं कलम ४३ काढेल. त्याची तयारी ठेवा.

एक गोष्ट तुमच्या बाजूची. नाकारण्याच्या पत्रात जी कारणं लिहिलीत त्याच्या बाहेर जाऊन कंपनीला नंतर नवीन कारण आणता येत नाही, २०१६ आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं हे स्पष्ट केलंय. म्हणून तांडेलाच्या लायसन्सबद्दल पत्रात एक अक्षर नाही याचा आनंद माना आणि ते पत्र जपून ठेवा. फोनवर भांडू नका.

आता बोलणी खा. त्या कागदावर सही का केलीत? पैसे दिलेत ते चांगलं केलंत, पण कागदात ‘बोटवाल्याची चूक मान्य’ असं लिहिलंय आणि जवळजवळ प्रत्येक लायबिलिटी पॉलिसीत अट असते की कंपनीला विचारल्याशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही. मी सर्वेअर होतो तेव्हा असा एक कागद पाहिलाय, वहीचं फाडलेलं पान, वर चहाच्या कपाचा गोल डाग, त्या पानाने मालकाला जितकं महाग पडलं तितकं लाटेनेही नाही. पैसे देताना एवढंच लिहायचं, ‘माणुसकी म्हणून मदत, कुणाचेही हक्क राखून’. तुमच्या नशिबाने कंपनीने हे कारण पत्रात घेतलेलं नाही.

जायचं कुठे? आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी, महिनाभर थांबा. धंदा तुमच्या एकट्याच्या नावावर आहे म्हणून विमा लोकपालाकडेही जाता येतं, गोव्यासाठी ऑफिस मुंबईला आहे, फी नाही, नाकारल्यापासून वर्षाच्या आत, पन्नास लाखांपर्यंत. पण तुमच्यात बोट कुठे होती हा पुराव्याचा वाद आहे, म्हणून मी ग्राहक आयोग निवडला असता. मुदत दोन वर्षं. ‘बोट धंद्याची, तुम्ही ग्राहक नाही’ असं कंपनीचा वकील म्हणेलच, त्याला २०२३ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवा, विमा नफा कमवायला नाही तर नुकसान भरायला घेतात म्हणून धंदेवाला पण ग्राहक. आणि जिल्हा आयोगातच जायचं, कारण आता भरलेली रक्कम म्हणजे प्रीमियम बघतात, अठरा लाख नव्हे. नोटिशीला मात्र उत्तर लगेच द्या, विमा मिळेपर्यंत ती थांबणार नाही.

आणि पुढच्या सीझनला पुढचं बाक काढून टाका. लाटेवर बोट सगळ्यात जास्त उचलली जाते ती पुढे, आणि आपटते तेव्हा बसलेल्या माणसाचा मणका वरून दाबला जातो. लोकांना फोटोसाठी तिथेच बसायचं असतं, ठाऊक आहे मला.

प्रश्न : सर, आम्ही सावंतवाडीचे, पणजीला बोटीवर चढताना माझ्या आईच्या हाताचं बोट दोरीत सापडून चेचलं. तिकिटावर मागे ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असं छापलंय. मग आम्हाला काहीच मागता येणार नाही का? – एक वाचक

उत्तर : येतं, ताई. तिकिटाच्या मागे छापलं म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही, आणि २०१९ च्या ग्राहक कायद्यात एकतर्फी अटींना अनफेअर कॉन्ट्रॅक्ट म्हणून आव्हान देता येतं. याच कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे सिंधुदुर्गात, गोव्याच्या फेऱ्या नकोत. तिकीट, बोटीचं नाव आणि नंबर, त्याच दिवशीचा डॉक्टरचा कागद, एवढं जपा. बोटवाल्याला लेखी विचारा की प्रवाशांचा विमा कुठल्या कंपनीचा. बोटवाला काकुळतीला येऊन म्हणेल विमा नाही, तरी लेखीच घ्या.

प्रश्न : माझ्या मामेभावाने स्वतःसाठी यॉट घेतली, पुरा विमा आहे. आता एजंट म्हणतो वीकएंडला बर्थडे पार्टीला भाड्याने द्या. विमा चालेल ना? – एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही. इन्स्टिट्यूट यॉट क्लॉजेसवरची पॉलिसी असेल तर यॉट स्वतःच्या मौजेसाठीच वापरायची, भाड्याने द्यायची नाही, कंपनीने आधी कबूल केलं नसेल तर. पार्टीत कुणी डेकवर घसरला की कंपनीचा पहिला प्रश्न भाड्याचा, आणि इन्स्टाग्रामवर दराची जाहिरात सापडायला त्यांना पाच मिनिटं लागतात. आधी एन्डोर्समेंट, म्हणजे पॉलिसीत तशी लेखी दुरुस्ती, घ्या, मग केक कापा.

प्रश्न : खलाशी प्रवाशांच्या विम्यात येतो का? – एक खलाशी

उत्तर : नाही येत. खलाशी हा नोकर, त्याला आधी १९२३ चा कामगार भरपाई कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता आली. मालकाला सांगा, ती पॉलिसी वेगळी.