पोर्तुगाल, थायलंड की बडोदा? आधी एक पावसाळा काढून बघा

ताई, तुमचा प्रश्न मी असा समजलो: तुम्ही ६३ वर्षांच्या, साहेब ६६ वर्षांचे, न्यू जर्सीत सगळं आयुष्य गेलं, माहेर रावपुऱ्यात. आता पेन्शनवर पोर्तुगाल, थायलंड की परत बडोदा? आणि शेवटी विचारलंयत, "आमच्यासारखे आल्यामुळे गावातल्या लोकांना त्रास होतो का?" हे सहसा कुणी विचारत नाही, म्हणून लांबलचक लिहितोय. आम्ही २०१४ ला परत बडोद्याला आलो, वासणा रोडला राहतो.

व्हिसा, टॅक्स, हवा, डॉक्टर याची तक्ते करकरून तुलना लोक करतात, पण शेवटी जातात तिथेच जिथे आधी कुणीतरी ओळखीचं गेलेलं असतं. मेक्सिकोत सान मिगेल दे अयेंदे म्हणून गाव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिक सरकारी खर्चाने तिथे चित्रकला शिकायला गेले, काही तिथेच राहिले, त्यांच्या मागोमाग निवृत्त मंडळी. आपल्या आजोबा-पणजोबांचं तरी काय, गायकवाडांच्या चाकरीत एक आला आणि त्याच्या मागे अख्खी भावकी दांडिया बाजारात.

थायलंडच्या निवृत्तांच्या व्हिसाला वय ५० पूर्ण हवं, आणि तिथल्या बँकेत ८ लाख बात (तिथलं चलन) किंवा महिना ६५ हजार बात उत्पन्न. जमेल तुम्हाला. पण व्हिसा दर वर्षी वाढवून घ्यायचा आणि दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा, हे वयाच्या ऐंशीत कोण करणार ते आत्ताच ठरवा. पोर्तुगालचे जुने व्हिडिओ बघू नका. परदेशी पेन्शनवरची ती गाजलेली करसवलत २००९ ची, २०२० पासून नव्यांना १० टक्के लागला, २०२४ पासून नव्यांसाठी दारच बंद. फिनलंड आणि स्वीडन तर आपल्या पेन्शनरांना तिथे मिळणाऱ्या माफीवरून इतके चिडले की त्यांनी पोर्तुगालशी असलेला कर-करारच मोडला. २०२३ मध्ये लिस्बनकर घरभाड्यांवरून मोर्चे घेऊन रस्त्यावर आले. त्यात पर्यटकांच्या भाड्याच्या फ्लॅटांचाही मोठा वाटा होता, सगळं पेन्शनरांच्या माथी मारणं बरोबर नाही.

आता बडोदा. त्रास होतो का? होतो, आणि तो मी स्वतः दिलाय.

आलो तेव्हा कामाला बाई हवी होती. मी डॉलरचा हिशेब मनात ठेवून सोसायटीत चालू होता त्याच्या दुप्पट पगार सांगितला. वाटलं, चांगलं काम करतोय. ती बाई खालच्या मजल्यावरच्या एका एकट्या आजींकडे नऊ वर्षं जात होती, महिन्याभरात तिने ते घर सोडलं. आजींना नवरोबांच्या पेन्शनमध्ये माझा भाव परवडणारा नव्हता. सेक्रेटरीने लिफ्टमध्ये तोंडावर सांगितलं, "तमे तो भाव बगाडी नाख्या," म्हणजे तुम्ही तर भाव बिघडवून टाकलात. बाईचा फायदा झाला हेही खरं, तिची मुलगी आज नर्सिंग करतेय, म्हणून पगार कमी करायला हवा होता असं मी म्हणणार नाही. पण आजींची सोय काय, हे आधी विचारलं असतं तर सकाळचे दोन तास त्यांच्याकडे असं जमलं असतं. जमलंच, पण सहा महिन्यांनी, आणि तोवर आजी पडून बसल्या होत्या.

दुसरी गोष्ट बंद फ्लॅटची. आमच्या सोसायटीत ४० घरं, त्यातली ११ घरं वर्षाचे दहा महिने कुलपात. डिसेंबरला उघडतात, उत्तरायणाचे पतंग उडवून जानेवारीअखेर बंद. मेंटेनन्स वेळेवर येतो, नाही म्हणत नाही, पण लिफ्ट बदलायच्या सभेला सही करायला माणूस नाही. इकडे माझ्या पुतण्याला हाच भाग परवडला नाही म्हणून तो वाघोडिया रोडच्या पार टोकाला गेला. चरोतरात, म्हणजे आणंदच्या पट्ट्यात, परदेशी गेलेल्यांच्या धर्मज गावाकडे गेलात तर हेच मोठ्या प्रमाणात दिसेल: बँकांत ठेवी भरपूर, आणि वाडे बंद. तेव्हा ताई, यायचं तर राहायला या. "असू दे एक फ्लॅट" म्हणून घेऊन ठेवू नका.

कामाचं पटकन सांगतो. मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेचा ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, भारतात काही देत नाही. पण त्यातला पार्ट बी (डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) रागाने सोडू नका, नंतर परत घेताना प्रत्येक पूर्ण बारा महिन्यांमागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो आणि तो वाढलेलाच राहतो. इथली आरोग्य पॉलिसी येण्याच्या दोन-तीन वर्षं आधी सुरू करा. आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं आणि ती वर्षं तिकडे असतानाच निघून जातील. पॉलिसी घ्यायला वयाची पासष्टीची अट २०२४ पासून गेली आहे, एजंट जुनं सांगेल. परत आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं बहुधा आरएनओआर (रहिवासी, पण सामान्य रहिवासी नाही) असा करदात्याचा दर्जा मिळतो, त्यात परदेशातल्या उत्पन्नावर इथे कर नाही. मोठे पैसे तेव्हाच हलवा, सीएला विचारून. ओसीआयवर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांच्या कार्डावर) शेतजमीन घेता येत नाही, "फार्महाऊस स्कीम" दाखवणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. आणि साहेबांना संध्याकाळी ग्लास लागत असेल तर गुजरातेत दारूबंदी आहे हे त्यांना विमानात बसायच्या आधी सांगा.

रावपुऱ्याबद्दल मात्र मन घट्ट करा. सुरसागर आहे, कोठीची इमारत आहे, सेव-उसळ आहे, पण तुमच्या गल्लीतली निम्मी मराठी घरं मांजलपूर, वाडसर नाहीतर थेट पुण्याला गेलीत. माझ्या बायकोला इथे मैत्रिणी मिळायला तीन वर्षं लागली, आणि मिळाल्या त्या भजनाच्या वर्गातल्या गुजराती बायका.

घर घेऊ नका, आधी भाड्याने राहा, आणि तेही डिसेंबरात नाही. जुलै-ऑगस्टात या. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट असताना पाणी ३५ च्या वर गेलं, आमच्याकडे वीज नव्हती, खालच्या गाड्या तरंगत होत्या, आणि मगर कुठे दिसली याचे फोटो दिवसभर फिरत होते. कुठलंही घर बघायला गेलात की ब्रोकरला बाजूला ठेवा आणि चौकीदाराला विचारा, तेव्हा पाणी कुठपर्यंत आलं होतं. तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो.