टोस्टमास्टर्समध्ये जावं का, आणि लगेच कमिटीत या म्हणाले तर?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: शिक्षण मराठी माध्यमात, नोकरी बीकेसीत, ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलायची पाळी आली की शब्द सुचत नाहीत. म्हणून ठाण्यातल्या एका टोस्टमास्टर्स क्लबात, म्हणजे चारचौघांत बोलायचा सराव करणाऱ्यांच्या मंडळात, पाहुणे म्हणून तीन-चार वेळा जाऊन आलात. आता ते म्हणतायत, सभासद व्हा आणि जुलैपासून कमिटीतही या. तुम्ही विचारताय, "अजून एक भाषण धड केलं नाही, पद कुठून घेऊ?"

माझं मत विचाराल तर क्लब पारखून घ्या, पण पद जरूर घ्या. फक्त कोणतं पद ते तुम्ही ठरवा, उरलंसुरलं गळ्यात पडू देऊ नका. मी दादरच्या एका क्लबात बरीच वर्षं आहे, तिथली दोन-तीन पदं सांभाळून झाली आहेत, त्यावरून बोलतोय.

आधी पैशांचं, कारण ते कुणी नीट सांगत नाही. मुख्य संस्थेची वर्गणी दर सहा महिन्यांना ६० डॉलर, म्हणजे पाच हजारांच्या वरच. नव्या सभासदाला सुरुवातीला एकदा २० डॉलर वेगळे. त्यावर हॉलचं भाडं वगैरे धरून क्लब आपली वर्गणी लावतो, ती विचारून घ्या. वर्गणीचे हप्ते एप्रिल आणि ऑक्टोबरचे, आणि क्लबांचं वर्ष ३० जूनला संपतं. त्यामुळे मार्च, सप्टेंबर आणि जूनच्या अखेरीला पाहुण्यांवर जरा जास्तच प्रेम ओसंडू लागतं. क्लबाला वर्षाची दहा उद्दिष्टं असतात, त्यांत नवे सभासदही मोजले जातात. "आजच फॉर्म भरा" असा आग्रह झाला तर हसून "पुढच्या मीटिंगला बघू" म्हणा. चांगला क्लब थांबतो.

पारखायचं कसं? भाषणं ऐकून नाही, भाषणं सगळीकडे बरीवाईट असतात. इव्हॅल्युएशन ऐका. पाच ते सात मिनिटांच्या भाषणावर दुसरा सभासद दोन-तीन मिनिटं बोलतो, क्लबाचा खरा कस तिथे लागतो. "खूप छान, आत्मविश्वास दिसला, फक्त आय कॉन्टॅक्ट वाढवा" हे प्रत्येकाला ऐकू आलं तर तिथे कुणी कुणाचं ऐकत नाही असं समजा. आमच्याकडे बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. एका मुलीने आईच्या आजारपणावर भाषण केलं, तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टर बाहेर आले असं म्हणून तू थांबलीस ना, तेव्हा अख्खा हॉल तुझ्या हातात होता. आणि मग तू 'सो येस' म्हणालीस आणि सगळं सांडलंस. पुढच्या वेळी तिथे काहीच म्हणू नकोस." ती मुलगी ते विसरणं शक्य नाही. अशी दोन-तीन माणसं ज्या क्लबात असतील तिथे डोळे मिटून जा.

ऑफिसातल्या कंपनी-क्लबाचा पर्याय असेल तर सोयीचा आहे, पण बॉससमोर अडखळायला जीव होत नाही. बाहेरच्या क्लबात रिक्षा युनियनचा सेक्रेटरी, सीए करणारा पोरगा, शिक्षिका, सगळे भेटतात. तुमच्यासाठी तो बरा. बहुतेक क्लब इंग्रजीत चालतात, काही द्विभाषिक आहेत. इंग्रजीची भीती हाच मूळ प्रश्न असेल तर इंग्रजी क्लबच घ्या, पण टेबल टॉपिक्सला, म्हणजे तिथल्या तिथे विषय मिळून मिनिट-दोन मिनिटं बोलायचं असतं तेव्हा, एखादं वाक्य मराठीत आलं तर येऊ द्या. कुणी फाशी देत नाही. 'अँ', 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' मोजायला एक माणूस बसवलेला असतोच, तो मराठीतलेही मोजेल.

आता पदाचं. कमिटीत सात पदं असतात: अध्यक्ष, शिक्षण, सभासदत्व आणि जनसंपर्क बघणारे तीन उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सार्जंट ॲट आर्म्स. शेवटचं नाव पोलिसी आहे, काम मात्र हॉल उघडून घेणं, खुर्च्या, बॅनर, पाहुण्यांना बसवणं. निवडणूक बहुधा मे महिन्यात, कार्यकाळ १ जुलैपासून. मुदत वर्षाची, काही क्लबांत सहा महिन्यांची.

नव्या माणसाला साधारणपणे जनसंपर्क देतात, कारण "तू तरुण आहेस, इन्स्टा सांभाळ". ते घेऊ नका. पोस्टर बनवून बोलण्याची सवय लागत नाही. खजिनदारी नको, अध्यक्षपद तर आत्ता मुळीच नको. सार्जंट घ्या, नाहीतर शिक्षण उपाध्यक्षाचा मदतनीस व्हा आणि पुढच्या वर्षी ते पद मागा. या दोन्ही जागांवर अनोळखी माणसांशी बोलल्याशिवाय दिवस जात नाही.

शिक्षण उपाध्यक्ष, म्हणजे सगळे ज्याला व्हीपीई म्हणतात तो, मीटिंगमध्ये कुणी काय करायचं ते ठरवतो. त्याचा शुक्रवार कसा असतो ते सांगतो. शनिवारी मीटिंग. रात्री साडेदहाला ग्रुपवर मेसेज: "सॉरी, गावी निघालोय, उद्याचं भाषण जमणार नाही." मग टायमर, म्हणजे भाषणांची वेळ मोजणारा, ऑनलाइन येतो म्हणतो. तुम्ही ग्रुपवर विचारलंत की "कोणी टायमर होईल का?", तर चार अंगठे येतात, माणूस एकही येत नाही. फोनच करावा लागतो, आणि फोनवर काय बोलायचं हे कळायला महिना-दोन महिने जातात. "प्लीज करा ना" म्हटलं की समोरचा निसटतो. "मागच्या वेळी तुम्ही लाल कार्ड दाखवून अध्यक्षांनाच थांबवलंत, उद्याही तेवढाच खमका माणूस हवाय" म्हटलं की तो हसतो आणि येतो. जुलैत सायन-कुर्ल्याला पाणी भरलं की मुख्य वक्ता लोकलमध्ये अडकतो, सात मिनिटांची जागा रिकामी पडते, आणि तिसऱ्या रांगेतल्या पाहुण्याला दोन वाक्यांत तयार करून उभं करावं लागतं. हे सगळं तुमच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये लागतं तेच आहे: मागणं, नाही म्हणणं, वेळ संपली असं मोठ्या माणसाला सांगणं. व्यासपीठावरच्या भाषणात ते शिकायला मिळत नाही.

मुळात ही चळवळ निघालीच तशी. अमेरिकेतले राल्फ स्मेडली हे वायएमसीए या ख्रिस्ती युवक संस्थेत नोकरीला होते. तिथल्या तरुणांना बोलणं, सभा चालवणं, कार्यक्रम आखणं शिकवायला हवं असं त्यांना वाटलं, आणि २२ ऑक्टोबर १९२४ रोजी कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना इथे आज चाललेल्या संस्थेतला पहिला क्लब भरला. सभा चालवणं तेव्हापासून अभ्यासक्रमात आहे, नंतर चिकटवलेलं नाही. आणि आपल्या मुंबईला हे अमेरिकेने शिकवलं असंही नाही. १८४८ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांची साहित्य आणि विज्ञान सभा निघाली, दादाभाई नौरोजी त्यात होते. पोरं निबंध वाचायची, वाद घालायची, मराठी-गुजराती शाखा काढायची, आणि १८४९ मध्ये त्यांनी मुलींच्या शाळाही काढल्या. बोलण्याच्या मंडळातून कामाचं मंडळ झालं ते असं.

कटकटीही ऐकून ठेवा. क्लब जिवंत राहायला किमान आठ सभासद लागतात, आणि कधी कधी ते आठ जमवणं हेच कमिटीचं काम होऊन बसतं. क्लबाच्या वर एरिया, डिव्हिजन, डिस्ट्रिक्ट अशी उतरंड आहे. तिथल्या पदांचं वेड लागलेली माणसं भेटतील, बिल्ले लावून फिरतील. त्यांच्यात काही फार गुणी असतात, काहींना फक्त सूत्रसंचालनाचा माईक हवा असतो. पहिली दोन वर्षं आपल्या क्लबाबाहेरचं पद घेऊ नका. शनिवार-रविवार दोन्ही जातात, आणि घरातलं बोलणं बंद होतं.

पुढच्या मीटिंगला एक करा. आत्ताच्या व्हीपीईला मागच्या दोन महिन्यांचं रोल-शीट, म्हणजे कुठल्या मीटिंगला कुणी काय केलं त्याची यादी, दाखवायला सांगा. तीच चार-पाच नावं फिरत असतील तर तुमची गरज त्यांना आहे, त्यांची तुम्हाला कितपत आहे ते बघा. नावं बदलती असतील तर फॉर्म भरा, आणि आईसब्रेकर, म्हणजे चार ते सहा मिनिटांचं ते पहिलं भाषण, जुलै उजाडायच्या आत उरकून टाका. विषय स्वतःचाच असतो, तयारी लागत नाही.