पेपर झाल्यावर गेटवरची चर्चा ऐकू नकोस

अरे पहिल्यांदा शांत हो. लॉ सीईटीचा, म्हणजे पाच वर्षांच्या लॉ कोर्ससाठीच्या महाराष्ट्राच्या प्रवेश परीक्षेचा पेपर देऊन बाहेर आलं की गेटवर लगेच सुरू होतं, तुझे किती अटेम्प्ट झाले (म्हणजे किती प्रश्न सोडवले), माझे १२० पैकी १२० झाले, आणि आपण घाबरतो. पण इथे निगेटिव्ह मार्किंगच नाहीये, त्यामुळे सगळ्यांचेच १२० सोडवून होतात, त्यावरून काहीच कळत नाही! क्लॅटला (राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेला) चुकीच्या उत्तराला पाव मार्क जातो, तिथे अटेम्प्ट विचारण्यात अर्थ आहे.

दुसरं म्हणजे शिफ्ट वेगवेगळ्या असतात. तुझ्या मैत्रिणीला जीके सोपं गेलं आणि तुला अवघड, तर पेपरच वेगळा होता ना बाई, म्हणून तर पर्सेंटाइल काढतात, म्हणजे इतरांच्या तुलनेत तू कुठे आहेस ते.

मी स्वतः पहिल्या वर्षी असंच ऐकून घरी जाऊन रडले होते, दोन दिवस जेवले नाही नीट, आणि निकाल चांगला लागला. ते दोन दिवस मी कागदपत्रांना द्यायला हवे होते. तू तेच कर, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेअर, जात पडताळणी, जे तुला लागू असेल ते आत्ताच बघ, सरकारी ऑफिसात वेळ जातो आणि कॅप राउंड (प्रवेशाची फेरी) कुणासाठी थांबत नाही.

आणि गणिताचे फक्त ८ प्रश्न होते, ते चुकले म्हणून मुंबईचं जीएलसी किंवा पुण्याचं आयएलएस कॉलेज गेलं असं आत्ताच ठरवू नकोस गं. लीगल आणि लॉजिकल मिळून ६४ होते, ते कसे गेले ते सांग मला.