तुटलेला, खचलेला की भग्न?

प्रश्न नागपूरच्या सदर भागातून आला आहे: 'ख्रिस्ती मंडळीच्या उपवासकाळातल्या प्रार्थनासभेत लोक "प्रभू, मी तुटलेला आहे", "तुटलेपणातून विश्वास वाढतो" असं म्हणतात. हे मराठी बरोबर आहे का? "भग्नहृदयी" म्हटलं की तरुणांना प्रेमभंग आठवतो. मग म्हणायचं काय?'

'तुटलेला' नागपुरात कुठून आला हे सहज लक्षात येतं. इथे मराठी आणि हिंदी दोन्ही उपासना कानावर पडतात, आणि हिंदी बायबलमध्ये 51व्या स्तोत्रात 'टूटा मन' आहे. हिंदीत माणूस 'टूट जाता है'. मराठीत दोरी तुटते, संबंध तुटतो. 'तो तुटला' म्हणजे आपल्यापासून दुरावला, आणि 'तुटून पडला' म्हणजे त्याने हल्ला चढवला! योहानाच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायातले वेल (येशू) आणि फाटे (त्याचे शिष्य) ज्याला पाठ आहेत, त्याला 'तुटलेला विश्वासी' हा वेलापासून वेगळा झालेला फाटाच वाटेल. बोलणाऱ्याला सांगायचं असतं याच्या नेमकं उलट. म्हणून हा प्रयोग टाळावा.

आजारपण, मृत्यू, नोकरी जाणं, घर फुटणं यांनी माणूस खचतो, कोलमडतो, मोडून पडतो. तिथे साधं 'प्रभू, मी खचलोय', 'मी खचलेय' पुरे आहे. 'मोडलेला'ही चालतो, पण जपून. 'मन मोडणं' म्हणजे एखाद्याची इच्छा डावलणं, आणि 'मोडेन पण वाकणार नाही' ही म्हण ताठपणाचं कौतुक करते. शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, मात्र 'ताठ मानेचे लोक' हा दोषारोप आहे.

'भग्न' मात्र सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. भग्न मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. मूळ हिब्रूतही हाच ताण आहे. 51व्या स्तोत्रातला शब्द 'शाबर', म्हणजे मोडणं, या धातूपासून आला आहे. बायबलच्या लेवीय या पुस्तकात (22:22) मोडलेल्या अवयवाचा पशू परमेश्वराला अर्पण करू नये असा नियम आहे, आणि तिथेही धातू हाच. जे वेदीवर चालत नाही, तेच हृदयाच्या बाबतीत देव स्वीकारतो, असं स्तोत्रकर्ता म्हणतो. 'खचलेलं हृदय' म्हटलं तर दुःख कळेल, पण अर्पणाचा हा धक्का हरवेल. प्रेमभंगाची अडचण सोपी आहे: 'भग्नहृदयी' असा सुटा समास न वापरता 'भग्न व अनुतप्त (पश्चात्तापाने पोळलेलं) हृदय' अशी जोडी पूर्ण म्हणावी.

इथे एक भेद पाळलाच पाहिजे. 51व्या स्तोत्राच्या शीर्षकानुसार दावीद राजा बथशेबा या परस्त्रीकडे गेल्यानंतर नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला, त्या वेळचं हे स्तोत्र आहे. तिथलं भग्नपण पापाच्या जाणिवेचं आहे. 34व्या स्तोत्रात परमेश्वर भग्नहृदयी लोकांच्या जवळ असतो, आणि तिथे संदर्भ संकटात सापडलेल्या नीतिमानाचा आहे. दोन्हीकडे शब्द एक, अवस्था दोन. त्यांची सरमिसळ झाली की मूल गेलेल्या आईला पश्चात्ताप करायला सांगितलं जातं, आणि ते क्रूर आहे. पापांगीकाराच्या प्रार्थनेत 'भग्न', सांत्वनाच्या प्रार्थनेत 'खचलेला' असा वापर ठेवला तर ही चूक बरीच टळते.

आता 'तुटलेपणातून विश्वास वाढतो'. यातल्या 'तून'मुळे संकट आलं की विश्वास आपोआप फुगतो असं वाटतं. पौलाच्या रोमकरांस पत्रात (5:3-4) साखळी आहे: संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा. मधल्या दोन कड्या गाळल्या तर वाक्य खोटं पडतं, कारण संकटात कित्येकांचा विश्वास उडतोही. 13वं स्तोत्र धीराची रीत दाखवतं: आधी 'कुठवर?' असा चार वेळा सवाल, मग मागणं, आणि शेवटी भरवसा. पहिली पायरी वगळून थेट भरवशावर उडी मारली की प्रार्थना पोकळ होते. 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, तरी ते स्तोत्रसंहितेत आहे. त्यामुळे 'संकटात देवाला धरून राहिल्याने विश्वास गाढ होतो' असं म्हणावं. 'विश्वास खोल होतो' हे कानाला परकं लागतं. शास्त्रातला शब्दच हवा असेल तर 'मुळावणं' (मूळ धरणं) आहे, कलस्सैकरांस पत्रात (2:7).

सभेच्या पाटीवर 'तुटलेल्यांसाठी प्रार्थना' ऐवजी 'खचलेल्यांसाठी प्रार्थना' लिहावं.